डॅनियल बून: वाट त्याने पाडली, सनदा मात्र दुसऱ्यांच्या नावावर

१७९८ साली केंटकी या नव्या अमेरिकी राज्यात एकाच माणसाच्या नावाने दोन सरकारी कागद निघाले. एका कागदाने राज्यातल्या एका काउंटीला, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारख्या भागाला, त्याचं नाव दिलं. दुसरा कागद त्याच्या अटकेचा हुकूम होता. जमिनीच्या एका खटल्यात साक्षीला बोलावूनही तो हजर झाला नव्हता. हा माणूस म्हणजे डॅनियल बून. पुढच्याच वर्षी, चौसष्टाव्या वर्षी, तो बायकामुलांसह अमेरिका सोडून स्पेनच्या ताब्यातल्या मुलखात राहायला गेला.

४ जुलै २०२६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याची २५० वी वर्षपूर्ती. त्या निमित्ताने तिकडच्या जुन्या पुढाऱ्यांच्या आठवणी निघतात तेव्हा बूनचं नाव हमखास येतं: जंगलातला वाटाड्या, नेमबाज, अस्वलं मारणारा. पण या कथांमधून एका प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ज्याने लाखो लोकांसाठी केंटकीची वाट उघडली, त्याच्या स्वतःच्या नावावर तिथे गुंठाभर जमीनही का राहिली नाही? याचं उत्तर अस्वलांच्या गोष्टींत सापडत नाही, जमिनीच्या दप्तरात सापडतं. सातबारा, मोजणी आणि बांधाचे वाद ज्यांनी घरात पाहिलेत, त्यांना ते चटकन समजेल.

फ्रंटियर म्हणजे काय

हा शब्द एकदा समजून घेऊ. आपण सीमा म्हणतो तेव्हा दोन देशांमधली रेषा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतली फ्रंटियर अशी रेषा नव्हती. गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या वस्तीचा तो पश्चिमेकडे सरकत जाणारा काठ होता. काठाच्या अलीकडे कचेऱ्या, न्यायालयं, चर्च. पलीकडे जंगल, आणि त्या जंगलात आधीपासून राहणारे, शिकार करणारे, मक्याची शेतं पिकवणारे मूलनिवासी. ‘मोकळी जमीन’ हा शब्द अलीकडच्या लोकांनी वापरला. पलीकडच्यांच्या दृष्टीने ती कधीच मोकळी नव्हती.

हा काठ बराच काळ अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेशी अडला होता. १७६३ साली इंग्लंडच्या राजाने जाहीरनामाच काढला, की या डोंगरांच्या पश्चिमेला कुणी वस्ती करायची नाही. लोकांनी तो फारसा मानला नाही.

विणकराचा मुलगा

बूनचा जन्म १७३४ साली पेनसिल्व्हेनियात झाला. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्ध आणि हिंसा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. वडील विणकर आणि लोहार. शाळा जवळजवळ नाहीच. पण लिहितावाचता येत होतं. स्पेलिंगच्या मात्र चुका फार. १७५० मध्ये कुटुंब दक्षिणेकडे निघालं आणि नॉर्थ कॅरोलिनात याडकिन नदीच्या खोऱ्यात वसलं. १७५६ मध्ये त्याचं रिबेका ब्रायनशी लग्न झालं. त्यांना दहा मुलं झाली. बून महिनोन् महिने शिकारीवर असायचा. घर, शेत आणि पोरंबाळं रिबेकाने सांभाळली. त्याच्या चरित्रात तिला मिळते त्याहून बरीच जास्त जागा तिला मिळायला हवी, असं मला वाटतं.

हरणाची कातडी विकणं हा बूनचा मुख्य धंदा. १७६९ मध्ये तो कंबरलँड खिंडीतून केंटकीत उतरला आणि दोन वर्षं तिथे हिंडला. त्याच डिसेंबरात शौनी या मूलनिवासी लोकांनी त्याला पकडलं, जमवलेली सगळी कातडी काढून घेतली, आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस अशी ताकीद देऊन सोडून दिलं. शौनींच्या लेखी तो त्यांच्या रानात शिरलेला चोर होता.

१७७३ मध्ये तो पन्नासएक माणसं घेऊन वस्ती करायला निघाला. वाटेत त्याचा सोळा वर्षांचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. मंडळी परत फिरली.

जमीन होती कुणाची?

सगळ्या गुंत्याची गाठ इथे आहे. समजा, गावाबाहेरच्या एका गायरानावर तीन वाड्यांची गुरं चरतात. एक दिवस बाहेरचा व्यापारी येतो, एका वाडीच्या पाटलाला पैसे देतो आणि गायरान विकत घेतलं म्हणून जाहीर करतो. उरलेल्या दोन वाड्यांनी काय करायचं?

केंटकीचं असंच झालं. १७६८ मध्ये उत्तरेकडच्या इरोक्वा लोकांनी केंटकीवरचा आपला हक्क ब्रिटिशांना सोडून दिला. ते तिथे राहतच नव्हते. मार्च १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसन या नॉर्थ कॅरोलिनाच्या माजी न्यायाधीशाने ट्रान्सिल्व्हेनिया नावाची कंपनी काढून चेरोकी या मूलनिवासी लोकांकडून सुमारे दोन कोटी एकर जमीन विकत घेतली. हा पट्टा महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव हिश्शाएवढा भरतो. मोबदला होता १०,००० पौंडांचा माल. ड्रॅगिंग कनू या चेरोकी पुढाऱ्याने त्या बैठकीतच कडाडून विरोध केला. आणि त्या रानात खरोखर शिकार करणारे शौनी या १७६८ आणि १७७५ च्या दोन्ही सौद्यांत नव्हतेच.

बून हेंडरसनचा वाटाड्या झाला. सुमारे तीस कुऱ्हाडवाले घेऊन त्याने कंबरलँड खिंडीतून केंटकी नदीपर्यंत वाट पाडली. तीच पुढे वाइल्डरनेस रोड म्हणून ओळखली गेली. नदीकाठी एप्रिल १७७५ मध्ये बून्सबरोचा लाकडी कोट उभा राहू लागला. मोबदला म्हणून बूनला २,००० एकर मिळणार होते. पण १७७८ मध्ये व्हर्जिनियाने हेंडरसनचा सौदाच रद्द केला. केंटकी आमच्या हद्दीत आहे आणि मूलनिवासींकडून जमीन घ्यायचा हक्क फक्त सरकारचा, खासगी माणसाचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हेंडरसनला भरपाई म्हणून २ लाख एकर मिळाले. बूनचे २,००० एकर मात्र बुडाले.

शौनींचा शत्रू की शौनींचा मुलगा?

अमेरिकेचं स्वातंत्र्य जाहीर होऊन दहाच दिवस झाले होते. १४ जुलै १७७६ रोजी बूनची मुलगी जेमायमा आणि तिच्या दोन मैत्रिणींना शौनी आणि चेरोकींच्या टोळीने नावेतून पळवलं. दोन दिवस माग काढून बूनने त्यांना सोडवून आणलं. ही गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती फेब्रुवारी १७७८ ची.

बून काही लोकांसह ब्लू लिक्स इथल्या खाऱ्या झऱ्यांवर मीठ आटवायला गेला होता. बर्फात एकटा शिकारीला गेलेला असताना तो शौनींच्या हाती सापडला. त्यांचा पुढारी ब्लॅकफिश मोठी फौज घेऊन बून्सबरोवर चालला होता. कोटाची भिंत अपुरी होती आणि आत बायकामुलं होती. बूनने एक सौदा केला: मीठवाल्यांना लढाईशिवाय शरण यायला लावतो, कोटावर वसंतापर्यंत जाऊ नका. सुमारे सत्तावीस जण शस्त्रं ठेवून शरण आले. काहींना शौनींनी आपल्यात घेतलं, काहींना डेट्रॉइटच्या ब्रिटिशांकडे सोपवलं. बूनला ब्लॅकफिशने दत्तक घेतलं आणि शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव, असं नाव दिलं.

चार महिने तो ब्लॅकफिशच्या घरात मुलासारखा राहिला. जूनमध्ये हल्ल्याची तयारी दिसताच तो निसटला आणि चार-पाच दिवसांत १६० मैल कापून बून्सबरोला पोचला. तो मेला असं समजून रिबेका मुलांसह नॉर्थ कॅरोलिनाला परतली होती. एकटी जेमायमा थांबली होती. सप्टेंबरात ब्लॅकफिशने कोटाला वेढा घातला. वेढा उठल्यावर बूनच्याच लोकांनी त्याच्यावर फितुरीचा आरोप ठेवून लष्करी चौकशी बसवली. ज्यांचे नातलग मीठवाल्यांबरोबर कैद झाले होते, तेच आरोप करणारे होते. तो निर्दोष सुटला, बढतीही मिळाली. पण त्या चौकशीबद्दल तो पुढे फारसं बोलला नाही, आणि बून्सबरोही त्याने लवकरच सोडलं.

मग तो कोण? लढाऊ पुढारी होताच. १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्याच लढाईत, पाठलाग करू नका हा त्याचा सल्ला डावलला गेला. सुमारे १८० पैकी सत्तरच्या आसपास माणसं पडली. त्यांत त्याचा मुलगा इस्रायल होता. पण शौनींना समूळ नष्ट करा म्हणणाऱ्यांतला तो नव्हता. त्यांच्या घरात तो राहिला होता. तरीही त्याने पाडलेल्या वाटेमुळेच त्यांची शिकारीची राखीव रानं गेली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

वॉरंट, नोंद, मोजणी, सनद

आता कागदांकडे येऊ. १७७९ मध्ये व्हर्जिनियाने केंटकीसाठी जमीन कायदा केला. १ जानेवारी १७७८ पूर्वी जो तिथे वर्षभर राहिला असेल किंवा ज्याने मक्याचं एक पीक घेतलं असेल, त्याला नाममात्र किमतीत ४०० एकर, आणि लगतच्या १,००० एकरांवर इतरांच्या आधी विकत घेण्याचा हक्क. हे कसणाऱ्यासाठी झालं. पण त्याच कायद्याने कुणालाही, केंटकी न पाहताही, सरकारी तिजोरीतून वॉरंट विकत घेता येऊ लागलं. वॉरंट म्हणजे ‘अमुक एकर जमिनीचा हक्क’ सांगणारी चिठ्ठी. जमीन कुठली, ते त्या चिठ्ठीत नसे. दर होता १०० एकरांना ४० पौंड, तेही किंमत घसरत चाललेल्या कागदी चलनात.

चिठ्ठी घेतल्यावर जमीन स्वतः शोधायची. मग कचेरीत जाऊन तिची नोंद करायची, तिची मोजणी करून घ्यायची, नकाशा राजधानीला पाठवायचा. हरकत आली नाही तरच शेवटी सनद हाती पडे. चारांपैकी एक पायरी चुकली, उशिरा झाली किंवा मोघम राहिली, तर आधीचं सगळं फुकट.

मोजणी होकायंत्र आणि साखळीने व्हायची. साखळी ६६ फुटांची. आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळात जमिनी मोजल्या त्या शंकूसाखळीने, ती बरोबर निम्मी, ३३ फुटांची. आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजेच आपला गुंठा. म्हणजे हत्यार एकाच घराण्यातलं. फरक पद्धतीत होता. इथे गावच्या गाव सलग मोजून सर्व्हे नंबर पाडले गेले. केंटकीत जो तो आपला तुकडा हवा तिथून, हवा तसा मोजून घेत होता. चतुःसीमा सांगायची ती अशी: ओढ्याच्या मुखापाशी दोन पांढरे ओक, तिथून पूर्वेला इतक्या साखळ्या, मग रानरेड्यांच्या वाटेपर्यंत. ओक वठला, ओढ्याने पात्र बदललं, की सीमा हरवली. आणि एकाच ओढ्याला दोन शिकाऱ्यांनी दोन नावं दिलेली असली, तर काय विचारता.

कौलांवर कौलं

परिणाम काय झाला? आधी मोजून मग विकायचं, त्याऐवजी व्हर्जिनियाने आधी विकलं आणि मोजणी घेणाऱ्यावर सोडली. चिठ्ठ्या किती वाटाव्यात याला मर्यादाच ठेवली नाही. छपरावर एका कौलाची कड दुसऱ्याखाली जाते, तसे दावे एकमेकांवर चढले. एकाच तुकड्यावर तिघाचौघांचा हक्क निघायचा. छपरावर कौलं अशी चढवली की पाणी अडतं. जमिनीवर दावे असे चढले की गळती लागते, ती कोर्टाच्या दिशेने.

लोंढा तर वाढतच होता. १७९० च्या खानेसुमारीत केंटकीत सुमारे ७३ हजार माणसं होती, १८०० मध्ये २ लाख २० हजारांवर गेली. १७९० च्या आकड्यात १२ हजारांहून अधिक गुलाम होते. जंगल तोडण्यात त्यांचे हात होते आणि जमीन मिळण्याच्या कुठल्याही रांगेत ते नव्हते.

पण तो तर स्वतःच मोजणीदार होता!

हा आक्षेप रास्त आहे. ब्लू लिक्सच्या लढाईनंतर बून फेयेट काउंटीचा उपमोजणीदार म्हणून काम करत होता. त्याने इतरांसाठी शंभराहून अधिक मोजण्या केल्या. मुलूख त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

अडचण तीच होती. त्याला जमीन पायांनी ठाऊक होती. ‘अमक्या झऱ्यावरचा माळ’ म्हटलं की त्याला ती जागा दिसायची. पण कायद्याची अट अशी होती की नोंद इतकी नेमकी असावी, की तिऱ्हाईताला ती वाचून शेजारची जमीन बिनचूक शोधता यावी. बूनच्या मोजण्या घाईच्या आणि मोघम होत्या, नोंदी वेळेवर पूर्ण होत नव्हत्या. वकिलाला ढिली चतुःसीमा सापडली की दावा संपलाच. हेन्री क्ले हा अमेरिकेचा पुढचा बडा राजकारणी, त्याची वकिली केंटकीत याच जमिनींच्या कज्ज्यांवर भरभराटली.

शिवाय, बूनने मोजलेल्या जमिनींच्या खटल्यांत साक्षीला बूनच. ज्या ओकावर त्याने खूण केली तो ओक दाखवायला दुसरं कोण जाणार? साक्ष दिली की एक बाजू हरणार, आणि हरलेल्या बाजूच्या लेखी बून खोटारडा ठरणार. १७९८ चा तो अटकेचा हुकूम या पार्श्वभूमीवर वाचला की कळतो.

मग तो जमिनीचा सट्टेबाजच नव्हता का?

होता. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याने हजारो एकरांवर दावे लावले, जमिनी घेतल्या, विकल्या. ओहायो नदीकाठच्या लाइमस्टोन गावी खानावळ आणि दुकान चालवलं. १७८७ च्या सुमारास त्याच्याकडे सात गुलाम होते. भोळा वनवासी हे चित्र खरं नाही. (कातड्याची शेपूटवाली टोपीही खरी नाही, तो साधी फेल्टची हॅट घालायचा.)

पण तो वाईट सट्टेबाज होता, आणि तो का बुडाला हे एका प्रसंगातून दिसतं. १७८० मध्ये वस्तीवाल्यांनी वॉरंटं घेण्यासाठी त्याच्याकडे सुमारे २०,००० डॉलर सोपवले. व्हर्जिनियाला जाताना वाटेत एका खानावळीत तो झोपेत असताना ते चोरीला गेले. काहींनी माफ केले, काहींनी मागितले, आणि मागणाऱ्यांचे तो पुढे कित्येक वर्षं फेडत राहिला. त्याने विकलेल्या जमिनीची सनद खोटी ठरली, तरी भरपाई त्याच्यावर यायची. धूर्त लोक अशा वेळी हात वर करत. बून स्वतःची बरी जमीन विकून दुसऱ्याच्या बुडालेल्या जमिनीचे पैसे भरत गेला. म्हणून तो संपला.

त्याची कीर्ती मात्र याच काळात पसरली. १७८४ मध्ये जॉन फिल्सन या शाळामास्तराने केंटकीवर पुस्तक काढलं आणि त्यात बूनची हकीकत घातली. फिल्सनने स्वतः केंटकीत जमिनी घेतल्या होत्या. गिऱ्हाईक यावं ही त्याची गरज होती. बूनचं पराक्रमी चरित्र प्रथम लोकांपुढे आलं ते असं, जमीन विकण्याच्या ओघात.

स्पेनच्या मुलखात पुन्हा तेच

१७९९ मध्ये तो मिसिसिपीपलीकडे, आजच्या मिसूरीत गेला. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला जमीन दिली, सुमारे ८५० एकर, आणि त्या भागाचा न्यायनिवाडा करणारा अधिकारीही नेमलं. सनदेवर न्यू ऑर्लीन्सहून शिक्कामोर्तब करून घ्यायचं होतं, ते राहून गेलं. १८०३ मध्ये तो सगळा मुलूख अमेरिकेने विकत घेतला. नव्या सरकारने कागद मागितले, आणि ते पुरे नव्हते. जमीन पुन्हा गेली. १८१४ मध्ये संसदेने खास ठराव करून ती परत दिली. तोवर रिबेका वारली होती. केंटकीचे जुने घेणेकरी वाट पाहतच होते. बहुतेक जमीन विकून त्याने त्यांची देणी भागवली. २६ सप्टेंबर १८२० रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, मुलाच्या घरी तो वारला.

आज याचं काय?

केंटकीच्या गोंधळातून इतरांनी धडा घेतला. ओहायो नदीच्या उत्तरेला १७८५ च्या कायद्याने उलट क्रम लावला: आधी मोजणी, मग विक्री. सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन, प्रत्येकाचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. विमानातून अमेरिकेचा मधला भाग बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो तो यामुळे. केंटकीतल्या शेतांच्या वेड्यावाकड्या सीमा आजही तशाच आहेत.

१८१६ मध्ये टॉमस लिंकन नावाचा शेतकरी केंटकी सोडून इंडियानाला, चौकोनांच्या मुलखात गेला. त्याचा मुलगा अब्राहम तेव्हा सात वर्षांचा होता. वडिलांनी केंटकी का सोडली, हे त्याने पुढे स्वतः लिहिलं: थोडं गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या भानगडींमुळे.

आणि १८२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितलं की मूलनिवासींकडून खासगी माणसाने घेतलेली जमीन कायद्याने त्याची होत नाही; तो हक्क सरकारचाच. हेंडरसनचा सौदा ज्या तत्त्वावर बुडाला होता, ते तत्त्व आता देशाचा कायदा झालं. मूलनिवासींना जमिनीवर राहता येईल, पण सरकारखेरीज कुणाला विकता येणार नाही, हा त्याचा अर्थ. विकत घेणारा एकच असला की भाव कोण ठरवणार, हे वेगळं सांगायला नको. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते जॉन मार्शल. त्यांचे वडील टॉमस मार्शल फेयेट काउंटीचे मुख्य मोजणीदार होते, ज्यांच्या हाताखाली बून साखळी घेऊन हिंडत असे.

बूनला मिसूरीत रिबेकाशेजारी पुरलं होतं. १८४५ मध्ये केंटकीच्या लोकांनी येऊन दोघांच्या अस्थी उकरल्या आणि केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट इथे नेऊन समारंभाने पुरल्या. त्यांनी भलतीच थडगी खणली, असं मिसूरीवाल्यांचं म्हणणं पुढे आलं. थडग्यांवर नावाच्या खुणा धड नव्हत्या. दोन्ही राज्यं आजही सांगतात की बून आमच्याच मातीत आहे.